बेंचरेस्टची पहिली रायफल: अंगण खरंच वाकडं आहे का ते आधी बघा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगा. तुमच्याकडे फॅक्टरीची हेवी बॅरलवाली .३०८ कॅलिबरची रायफल आहे, वर ६-२४ झूमचा स्कोप आहे, आणि चांगल्या दिवशी १०० यार्डावर पाच गोळ्या पाऊण इंचात बसतात. आता १०० आणि २०० यार्डाच्या बेंचरेस्ट मॅचेसमध्ये, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेमकेपणा बघायच्या स्पर्धांमध्ये, उतरायचंय. विचारताय की हीच रायफल सुधारून घेऊ, की सरळ ६ पीपीसी बांधून घेऊ, की ६ बीआर (दोन्ही ६ मिमी गोळीची काडतुसं) बरी पडेल कारण ती पुढे लांब पल्ल्यालाही चालेल. आणि पैसे कशावर जास्त घालू, ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो मधला भाग), बॅरल का स्कोप.

मला वाटतं खरा प्रश्न कॅलिबरचा नाहीच. खरा प्रश्न असा आहे की चार गोळ्या एका भोकात गेल्या आणि पाचवी पाव इंच बाहेर गेली, तर ती कोणी बाहेर नेली हे तुम्हाला सांगता येतं का? वाऱ्याने नेली, रायफलने नेली, स्कोपने नेली का तुमच्या खांद्याने? नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो, पण या खेळात अंगण खरोखरच वाकडं असू शकतं आणि नाचणाऱ्याला वर्षभर ते कळत नाही. म्हणून माझा नियम एकच, सेटअप असा घ्यायचा की गोळी बाहेर गेली की संशय फक्त वाऱ्यावर जावा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी आकडे बघू, कारण पाऊण इंच म्हणजे चांगलं का वाईट हे त्याशिवाय कळत नाही. ग्रुप मोजतात तो सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. असे पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, त्यांची सरासरी म्हणजे ॲग्रिगेट. २०० यार्डाचा ग्रुप निम्मा करून धरतात, म्हणजे दोन्ही अंतरं एका मापात येतात. चांगल्या हवेत ०.२०० इंचाच्या आतलं ॲग्रिगेट आलं की त्याला लोक टीन ॲग म्हणतात आणि त्या दिवशी माणूस जरा ताठ चालतो. नवख्याने पहिल्या सीझनला ०.३०० च्या आसपास मारलं तरी मी त्याची पाठ थोपटेन. तुमची पाऊण इंचाची रायफल वाईट मुळीच नाही, फॅक्टरी रायफल म्हणून छानच आहे, पण या खेळात ती निम्म्याहून जास्त घोळ स्वतःच घालते.

आता वारा. ६ मिमीची ६८ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला साधारण ३३०० फुटांनी निघाली तर ताशी १ मैल आडव्या वाऱ्याने १०० यार्डावर ती अंदाजे ०.०८ ते ०.०९ इंच सरकते. म्हणजे ३ मैलांचा फरक, जो गालावर जेमतेम जाणवतो, तो पाव इंच खातो. २०० यार्डावर हेच साधारण चौपट. आता बघा, जी रायफल स्वतःच पाऊण इंच फेकते तिच्यावर तुम्ही हा पाव इंच कधी बघणार? दिसणारच नाही, त्या पसाऱ्यात हरवून जाईल. आणि दिसला नाही तर वारा वाचायला शिकणार कसे, इथेच घोडं पेंड खातं. लोक म्हणतात आधी साध्या रायफलवर शिका मग चांगली घ्या, बाकी नेमबाजीत ते बरोबर असेल, शॉर्ट रेंज बेंचरेस्टमध्ये मला ते पटत नाही. इथे चांगली रायफल हीच शाळा आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी तीन, त्या तुम्ही लिहिल्या नाहीत म्हणून मीच विचारतो.

पहिली, तुमच्याकडच्या मॅचेस ग्रुपच्या आहेत का स्कोअरच्या? ग्रुपमध्ये गोळ्या कुठे लागल्या याला महत्त्व नाही, एकत्र लागल्या का एवढंच. स्कोअरमध्ये प्रत्येक गोलावर एकेक गोळी आणि भोकाची कड आतल्या रेषेला टेकली तरी गुण मिळतो, त्यामुळे तिथे मोठ्या भोकाचा फायदा, म्हणून स्कोअरवाले ३० बीआर वापरतात. ती ६ बीआरच्याच घरातली पुंगळी, तोंड ३० कॅलिबरपर्यंत मोठं केलेलं. तुमच्याकडे फक्त स्कोअर असेल तर खालचं पीपीसीपुराण निम्मं सोडून द्या.

दुसरी, वजनाचा वर्ग. लाइट व्हार्मिंटला रायफल स्कोपसकट साडेदहा पौंड, म्हणजे ४.७६ किलो, हेवी व्हार्मिंटला साडेतेरा पौंड. साडेदहावाली रायफल हेवीतही चालते, उलटं चालत नाही. म्हणून पहिली रायफल साडेदहाचीच घ्या, बरेच जुने लोकसुद्धा एकाच रायफलवर दोन्ही वर्ग खेळतात. अनलिमिटेडमध्ये रेल गन वगैरे असतात, लोखंडी रुळावर मागेपुढे सरकणारं यंत्रच ते, त्याच्याकडे आत्ता बघूसुद्धा नका.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, तुम्ही स्वतः काडतुसं भरता का, आणि तुमच्या कायद्यात, परवान्यात ते बसतं का. पीपीसी तयार काडतुसांवर खेळण्यात अर्थ नाही. रिलोडिंग जमणार नसेल तर मी म्हणेन .२२ रिमफायर बेंचरेस्टकडे वळा, ५० मीटरवर तोच वारा, वारा दाखवणारे तेच झेंडे, तीच डोकेदुखी, फक्त काडतूस डब्यातून काढून लावायचं. त्यात कमीपणा काही नाही. पुढचं उत्तर मी रिलोडिंग करता असं धरून लिहितोय.

आता कॅलिबर. ६ पीपीसी १९७५ साली लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी .२२० रशियन पुंगळीपासून बनवली. बुटकी, जाड, लहान प्रायमरची. तेव्हापासून शॉर्ट रेंजच्या ग्रुप मॅचेसमध्ये तिचं राज्य आहे आणि ती इतकी चांगली का याची कारणं विचाराल तर दहा जण अकरा कारणं सांगतील. मला पटणारी दोन. एक म्हणजे धक्का कमी, साडेदहा पौंडाच्या रायफलवर ती हातातून उसळत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, तुमच्या शेजारच्या बेंचवरचा माणूस तीच वापरतो. त्याला कोणती गोळी चालतेय, आज हवा तापल्यावर पावडर किती सरकवावी लागली, सगळं तयार उत्तर बाजूला बसलेलं असतं. नवख्याला याची किंमत कळत नाही. मी सुरुवातीला वेगळेपणाच्या हौसेने भलतीच चेंबर (बॅरलमध्ये काडतूस बसतं ती जागा) करून घेतली होती, आणि सगळी लाइन एकमेकांशी बोलायची तेव्हा मी एकटाच आपली वही उघडून बसलेलो.

कोणीतरी तुम्हाला रेकॉर्ड सांगेल, म्हणून तेही बोलून टाकू. मॅक मॅकमिलनचा १९७३ सालचा १०० यार्डावरचा ०.००९ इंचाचा ग्रुप चाळीस वर्षं टिकला आणि २०१३ साली माइक स्टिनेटने ०.००७७ मारून मोडला, तोही ३० कॅलिबरच्या घरगुती काडतुसावर, पीपीसीवर नाही. मग ३० घ्यायची का? नाही हो. रेकॉर्ड एका ग्रुपचा, मॅच जिंकतो तो पंचवीस गोळ्यांवर. एका ग्रुपवरून रायफल निवडायची नसते, विकणाऱ्याने खिशातून काढून दाखवलेल्या टार्गेटवरून तर अजिबात नाही.

६ बीआरचं म्हणाल तर उत्तम काडतूस आहे, वाईट एक शब्द बोलणार नाही. तयार पुंगळी मिळते, खटाटोप कमी. शिवाय तिचा बोल्ट फेस (बोल्टचा काडतुसाचं बूड धरणारा भाग) .३०८ चाच, म्हणजे तुमच्याच ॲक्शनवर ६ बीआरचं चांगलं बॅरल चढवता येईल, पीपीसीला मात्र बुड लहान असल्याने वेगळा बोल्ट लागतो. पण तुम्ही जे म्हणताय ना, की हीच पुढे लांबवर पण चालेल, तिथे गडबड आहे. लांब पल्ल्याला शंभर ग्रेनच्या वरच्या लांबोडक्या गोळ्या लागतात, त्यांना बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा आठ इंचात एक पीळ लागतो. शॉर्ट रेंजला ६५ ते ६८ ग्रेनच्या सपाट बुडाच्या आखूड गोळ्या, त्यांना साडेतेरा ते चौदा इंचात एक पीळ पुरतो. आणि पुरतो तेवढाच घ्यावा, त्याचं कारण साधं गणित आहे. कुठल्याही गोळीचं वजन अगदी मधोमध नसतं, जॅकेट एका बाजूला केसभर जाड असतंच. समजा वजनाचा मध्य इंचाच्या दहा हजाराव्या भागाने बाजूला आहे. चौदाच्या पिळात ती गोळी बॅरलबाहेर पडताना त्यामुळे जी बाजूला फेकली जाते ते १०० यार्डावर साधारण ०.१६ इंच होतं, आठच्या पिळात ०.२८. गोळी तीच, चूक तीच, फक्त जास्त गरगरली. टीन ॲगच्या खेळात हा फरक म्हणजे सगळा खेळ. तेव्हा एका रायफलवर दोन्ही खेळायचे असतील तर निदान दोन वेगळी बॅरल्स ठेवा, एका बॅरलवर दोन्ही डगरींवर पाय नको.

यातून निघणारा क्रम असा: ग्रुप मॅच आणि रिलोडिंग असेल तर साडेदहा पौंडाची ६ पीपीसी, स्कोअर असेल तर ३० बीआर, हात आखडता घ्यायचा असेल आणि आहे ती ॲक्शन वापरायची असेल तर १४ च्या पिळाची ६ बीआर. .३०८ मध्येच बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये पक्की बसवणं), ट्रिगर, स्टॉक (दस्ता) असं थोडं थोडं सुधारत बसणं हा सगळ्यात महाग रस्ता, कारण शेवटी पीपीसी घेतलीच जाते आणि आधीचे पैसे पाण्यात.

नवी बांधून घेऊ का? पहिली नको. वापरलेली, मॅच खेळलेली, पूर्ण सेट असलेली रायफल शोधा. या खेळातले लोक दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन बांधतात आणि जुनं चालू स्थितीतलं विकतात. आणि ॲक्शन कुठली यावर रात्रभर वाद घालू नका, बॅट, बोर्डन, केल्बलीची पांडा, कुठलीही नावाजलेली बेंचरेस्ट ॲक्शन तुमच्यामाझ्या हातापेक्षा सरस आहे. फक्त लोडिंगची खिडकी कुठल्या बाजूला ते बघा. उजव्या हाताच्या माणसाला बोल्ट उजवीकडे आणि खिडकी डावीकडे असेल तर एक हात बोल्टवर राहतो, दुसऱ्याने काडतूस ठेवायचं, वारा धरून भराभर पाच गोळ्या सोडायच्या असतात तेव्हा ही सोय कळते.

वापरलेली बघताना मी काय बघतो ते सांगतो. सोबत बॅरल्स किती आणि प्रत्येकावर किती गोळ्या झाल्या. चेंबरची मान किती, बहुतेक पीपीसी .२६२ इंच मानेच्या असतात, म्हणजे गोळी बसवल्यावर पुंगळीची मान बाहेरून .२६० च्या जवळपास यायला हवी. गोळी .२४३ आणि दोन्ही बाजूंची भिंत .००८५, त्यासाठी मान बाहेरून घासून घ्यावी लागते, म्हणून मान घासायचं हत्यार आणि त्याच चेंबरला जुळलेला साइजिंग डाय (झाडलेली पुंगळी परत मापात आणायचा साचा) सोबत मागा. हा डाय नसेल तर रायफल अर्धीच मिळाली समजा. जुन्या मालकाच्या त्याच चेंबरमधून झाडलेल्या पुंगळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. शक्य असेल तर बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायचं साधन) घालून बॅरलचा घसा बघा. आणि बोल्टचे लग (बोल्ट जागी अडकवणारे दात), त्यांवर धातू ओरखडून चिकटल्यासारखं दिसलं तर हात जोडून परत फिरा. मॅचची टार्गेट्स मागा, सगळ्यात चांगलं नको, शेवटच्या मॅचची सगळी पाच.

बॅरलवर मात्र हात आखडता घेऊ नका. बॅरल ही खर्चायची वस्तू आहे, बाइकच्या टायरसारखी. पीपीसीचं बॅरल मारायला तीन-चार हजार गोळ्याही मारेल, पण जिंकायच्या कामाचं ते साधारण हजार ते दीड हजारापर्यंतच, काही त्याआधीच हात टेकतात. हिशेब करा, एका ॲग्रिगेटला सरावाचं एक धरून सहा टार्गेट, प्रत्येकाला पाच मोजायच्या आणि तेवढ्याच साइटरच्या, म्हणजे चाचपणीच्या न मोजायच्या, गोळ्या, म्हणजे साठेक झाल्या. दिवसाला दोन ॲग म्हटलं तर सव्वाशेच्या आसपास. आठ-दहा दिवसांच्या मॅचेसमध्ये बॅरल म्हातारं. म्हणून सुरुवातीलाच दोन, जमलं तर तीन, एकाच गनस्मिथकडून एकाच रीमरने (चेंबर कोरायचं हत्यार) चेंबर करून घ्या, म्हणजे पुंगळ्या आणि डाय सगळ्यांना तेच चालतात. क्रीगर, बार्टलाइन, शिलेन, कोणाचंही हाताने लॅप केलेलं (आतून घासून गुळगुळीत केलेलं) घ्या, लांबी २१-२२ इंच. आणि एक कटू सत्य, एकाच कारखान्यातून एकाच दिवशी आलेल्या तीन बॅरलमध्ये एक फार छान निघतं, एक बरं आणि एक नुसतंच बॅरल. शंभरेक गोळ्यांत मनापासून प्रयत्न करूनही जमलं नाही तर उतरवा आणि पुढे जा. मी एका बॅरलच्या मागे एक अख्खा पावसाळा घालवलाय, त्याच्यावर खर्च केलेल्या पावडर-गोळ्यांत दुसरं आलं असतं.

स्कोपचं जरा सविस्तर, कारण माझं तोंड इथेच पोळलंय. एका सीझनला माझे ग्रुप म्हणजे चार आणि एक. चार एका भोकात, एक पाव ते तीन दशांश इंच कुठेही, कधी वर कधी डावीकडे. मी गोळ्या बदलल्या, प्रायमर बदलले, ॲक्शन स्टॉकमधून काढून परत बेड करून घेतली, आणि उरलेला दोष वाऱ्याला दिला. झेंडे बघून बघून स्वतःलाच मूर्ख म्हणायचो. शेवटी एका मॅचला माझ्या मागे बसलेल्या काकांनी न विचारता स्वतःचा स्कोप काढून माझ्या रायफलवर बसवला आणि म्हणाले, आता मार. ग्रुप मिटला. माझा स्कोप चांगला महागाचा होता, काच अशी की माशी बसलेली दिसावी, पण आतली नळी धक्क्याने जागची हलायची आणि परत पूर्ण जागेवर यायची नाही. डोळ्याला काही कळत नाही, क्रॉसहेअर तर तिथेच दिसतो ना! वाकडं अंगण म्हणतो ते हे.

तेव्हा स्कोप घेताना काचेच्या कौतुकाआधी तो जागा धरतो का ते बघा. ज्यांच्याकडे चेकर असतो, म्हणजे एका बेसवर दोन स्कोप शेजारी बसवायची सोय, त्यांच्याकडून तपासून घ्या: दोन्ही एकाच बिंदूवर लावायचे, गोळी मारायची, दोन्ही अजून तिथेच आहेत का बघायचं, एक सरकला तर दोषी कोण ते लगेच कळतं. मॅग्निफिकेशन ३६ ते ५५ च्या दरम्यान काहीही चालेल. फिक्स पॉवर मला आवडतो, हलका असतो आणि आत हलायला भाग कमी. साडेदहा पौंडात वजनाचा हिशेब फार घट्ट असतो, मोठा झूम चढवला की बॅरल बारीक करावं लागतं. तुमचा ६-२४ पहिले दोन महिने चालेल, २४ वर १०० यार्डाची भोकं दिसतात, पण उन्हात हवा उकळायला लागली आणि भोकावर नेमकं धरायचं असलं की कमी पडतो. पॅरॅलॅक्स नीट काढायला शिका, डोकं थोडं हलवून क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो का बघत राहा.

ट्रिगर दोन औंसाचा, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. ज्युएल किंवा त्या जातीचा कुठलाही. पहिल्यांदा हात लावाल तेव्हा नुसत्या विचाराने उडाला असं वाटेल. म्हणून सवय आत्ताच लावा, रायफल टार्गेटवर स्थिर झाल्याशिवाय बोल्ट बंद करायचा नाही, आणि बेंचवरून उठायचं तर बोल्ट बाहेर. हा ट्रिगर शिकारीच्या किंवा हातात धरायच्या रायफलवर कधीच नको.

स्टॉक, रेस्ट (रायफलचा पुढचा टेकू) आणि बॅगा एकत्रच बघायच्या. स्टॉकचा पुढचा भाग नियमाने जास्तीत जास्त ३ इंच रुंद, सपाट, आणि मागचा भाग असा की रायफल बॅगांवरून सरळ रेषेत मागे जावी. तपासायला गोळी लागत नाही, रायफल रेस्टवर ठेवा, स्कोपमधून बघत हळूच इंचभर मागे ओढा. क्रॉसहेअर सरळ उभ्या रेषेत खालीवर गेला तर छान, तिरका गेला तर रेस्ट आणि मागची बॅग एका ओळीत नाहीत किंवा स्टॉक वाकडा आहे. मी प्रत्येक मॅचच्या सकाळी हे करतो, दोन मिनिटं लागतात. रेस्ट जड हवा, पायांची टोकं बेंचवर घट्ट रुतलेली. मागची बॅग जड रेतीने दगडासारखी भरलेली. अर्धवट भरलेल्या बॅगेने वरखाली गोळ्या जातात आणि माणूस पावडरला दोष देत बसतो. रायफल खांद्याला न लावता मोकळी मागे जाऊ द्यायची का हलकं धरायचं, दोन्ही चालतं, पीपीसीचा धक्का कमी म्हणून मोकळी सोडणं सोपं जातं. कुठलंही एक धरा आणि वर्षभर बदलू नका.

रिलोडिंगवर वेगळं पुराण लिहावं लागेल, इथे दोनच गोष्टी. आपण मॅचच्या जागीच भरतो, हाताचे डाय, छोटा आर्बर प्रेस आणि पावडर मेजर घेऊन, कारण वीस-पंचवीस पुंगळ्याच दिवसभर फिरत राहतात आणि हवा बदलली की भरणं बदलावं लागतं. पीपीसीत वीटाव्होरी एन १३३ ही पावडर फार चालते आणि ती तापमानाला, दमटपणाला लहरी आहे, सकाळी जे एका भोकात जात होतं ते दुपारी उभ्या रेषेत पसरतं. भरण्याचे आकडे मी देणार नाही, ते पावडर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्या आणि खालून वर चढा. पीपीसीवाले दाबाच्या बाबतीत जरा जास्तच धीट असतात, त्यांचं ऐकून पहिल्याच दिवशी वरच्या टोकाला जाऊ नका. दुसरी गोष्ट, ग्रुप वाचायला शिका: उभा पसरला तर बहुतेक वेळा ट्यून बिघडलाय, भरणं किंवा गोळी किती खोल बसवली ते बघा. आडवा पसरला तर बहुतेक वेळा वारा. बहुतेक म्हणतोय, कारण उजव्या पिळाच्या बॅरलमध्ये डावीकडून आलेला वारा गोळीला उजवीकडे आणि जरा खाली ढकलतो, उजवीकडून आलेला डावीकडे आणि जरा वर. तिरकी रेष दिसली तर गोंधळू नका, तो वाराच.

आणि आता झेंडे, जे तुमच्या यादीत नव्हतेच! रायफल घेतल्यावर पैसे उरले तर झेंडे, असं नाही, रायफलच्या आधी झेंडे. १०० यार्डाला तीन-चार हवेत, पंखा फिरणारे, मागे शेपटी असलेले, म्हणजे दिशा पण दिसते आणि जोर पण. त्यातला बेंचजवळचा पहिला झेंडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सुरुवातीला गोळी जरा जरी वळली तरी ते वळण टार्गेटपर्यंत वाढत जातं, टार्गेटजवळच्या वाऱ्याला काही करायला वेळच उरत नाही. नवीन माणूस उलटं करतो, टार्गेटजवळचा झेंडा बघत बसतो. एका ग्रुपला सात मिनिटं असतात, साइटर हव्या तेवढ्या. त्या साइटरवर मुद्दाम वेगवेगळ्या झेंड्यात गोळी मारून बघा, डावीकडचा वारा असताना कुठे जाते, पडला की कुठे जाते, मगच वरच्या टार्गेटवर या.

पैशाचं विचारलंत तर दहा भाग करा. पाच भाग वापरलेली रायफल बॅरल्स आणि डायसकट, दोन स्कोप, एक रेस्ट आणि बॅगा, एक रिलोडिंगचं बाकी सामान, आणि शेवटचा भाग झेंडे आणि गोळ्या-प्रायमरचा साठा. साठा एकाच लॉटचा घ्या, मध्येच लॉट बदलला की परत संशय सुरू. साफसफाईचं सामान, बोअर गाइड आणि चांगली रॉड, यात कंजूषपणा नको. दर दहा-वीस गोळ्यांनी बॅरल धुवायचं असतं आणि वाकड्या रॉडने जितकी बॅरल्स मेलीत तितकी गोळ्यांनी मेली नसतील.

.३०८ विकू नका. उद्यापासून तिच्यावर झेंडे लावून बसा, बायपॉड काढा, समोर रेस्ट आणि मागे बॅग, २५ गोळ्या, पाच ग्रुप, एकही टार्गेट फेकायचं नाही. प्रत्येक गोळी सोडताना झेंडा कुठे होता ते शेजारी लिहून ठेवा. मग एका मॅचला नुसतं बघायला जा, बेंचच्या मागे खुर्ची टाकून बसा, मॅच संपली की कोणी ना कोणी स्वतःच म्हणेल ये, पाच गोळ्या मारून बघ. त्याची पीपीसी आणि तुमची .३०८ अशी दोन्हीकडची टार्गेट्स झेंड्यांच्या नोंदीसकट दाखवा, उभी रेष असेल तर भरण्याचं बघू, आडवी असेल तर पहिला झेंडा बेंचपासून किती लांब लावला होता ते आधी सांगा.